खिचडीवरचं कच्चं तेल

आमच्याकडे खिचडीवर तूप घेत नाहीत, कच्चं तेल घेतात. गरम खिचडी वाढायची, मधे बोटाने आळं करायचं आणि त्यात शेंगदाण्याचं तेल ओतायचं. पुण्याकडचा पाहुणा असला की डोळे मोठे करून बघत राहतो. मग एक घास खातो आणि ताट पुढे करतो. लग्न होऊन मी धुळ्यात आले तेव्हा सासरच्या घरात पहिल्या संध्याकाळी हेच जेवले होते, आणि तेल आमच्याच घाण्यावरचं होतं.

माझ्या नवऱ्याचा शेंगदाणा तेलाचा घाणा होता. तीस वर्षं चालवला ह्यांनी. तळहातावर चार थेंब घेऊन चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि सांगायचे की दाणा कुठला, जुना की नवा, भेसळ आहे का. घरी आले की शर्टाला, केसांना, चपलांनासुद्धा तेलाचा वास. अशा माणसाच्या ताटातलं तेल मी सहा वर्षं बंद केलं. मीच केलं, दुसऱ्या कोणी नाही.

सहा वर्षांपूर्वी ह्यांना अटॅक आला. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं. घाणा बंद करून टाकला. कोलेस्टेरॉल तेव्हा भरमसाट होतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि तेल-तूप कमी करा. "कमी करा" म्हणाले होते. मी "बंद करा" ऐकलं. माझा स्वभावच असा आहे. एखादी गोष्ट करायची म्हटली की मी अर्ध्यात थांबत नाही, मग समोरच्याचं काय व्हायचं ते होवो.

घरातली तेलाची बरणी मी शेजारच्या अक्कांना देऊन टाकली. दुधी उकडून, गिलकं म्हणजे घोसाळं, तेही उकडून, वरण बिनफोडणीचं. शेवभाजी करायचीच नाही, तिचं नावही काढायचं नाही. पापड भाजून. वांग्याचं भरीत करायची तेही कोरडं, मिरची नावाला. पहिल्या वर्षी हे फार कुरकुरले. "वं, हाई काय दवाखाना शे का?" म्हणायचे. मी म्हणायची, "हो, आहे, आणि मी मोठी डॉक्टरीण आहे. गपचूप जेवा."

आणि आकडा उतरायला लागला ना! दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायचो. दोनशे चाळीसचे एकशे नव्वद झाले, मग एकशे साठ. प्रत्येक रिपोर्टचा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची. जळगावला दिलेली माझी मुलगी अंगठा पाठवायची, नणंदा हात जोडायच्या. मला वाटायचं, मी यमाशी भांडतेय आणि जिंकतेय. खोटं कशाला सांगू, त्या कागदांचा मला गर्व झाला होता.

वजनाचीही माझी पद्धत होती. घाणा मोडला तेव्हा सगळं विकलं, फक्त पोती मोजायचा लोखंडी काटा घरी आणून दारापुढच्या ओट्यावर ठेवला. रोज सकाळी दात घासून झाले की ह्यांना त्यावर उभं करायचं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, वजन एकदम वाढलं तर कळवा, म्हणजे अंगात पाणी साठतंय. ह्यांचं वजन चौसष्टला होतं आणि चौसष्टलाच राहायचं. महिनोन्महिने तेच. मी कॅलेंडरवर लिहून ठेवायची. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. बघून जीव शांत व्हायचा.

गेल्या वर्षी मात्र एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. हे संध्याकाळी जेवेनात. अर्धी भाकरी, दोन घास भाजी, की झालं. ताट सरकवून खुर्चीत मागे टेकून बसायचे. विचारलं की "पोट भरेल शे" म्हणायचे. मला आधी काळजी वाटली, आणि मग संशय आला. कारण दुपारचा डबा रोज रिकामा येत होता, चाटूनपुसून.

हा डबा म्हणजे काय ते सांगते. आमचा घाणा होता त्याच्या शेजारी शेठजींचं किराणा दुकान. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजी आमच्यापेक्षा जास्त खान्देशी. दोघं तीस वर्षं दुपारी एकत्र डबा खायचे. घाणा बंद झाला तरी ह्यांची सवय सुटली नाही. घरापासून दोन गल्ल्या. अकराला डबा घेऊन हळूहळू जायचे, शेठजींच्या बाकावर बसायचे, गप्पा मारायचे, दीड-दोनला परत. मीही म्हटलं, बरंय, जीव रमतो.

डबा संपतोय आणि संध्याकाळी भूक नाही. मी काय समजले? मी समजले की माझा उकडलेला डबा खाऊन वर शेठजी ह्यांना कचोरी खाऊ घालतात. दुकानासमोरच तर गाडी लागते, कढई चोवीस तास उकळती! माझं डोकं फिरलं. मी ह्यांचा शर्ट हुंगून बघितला. रुमाल बघितला, तेलाचे डाग शोधले. काहीच सापडलं नाही, तर मला वाटलं हात धुऊन येतात, पक्के आहेत.

एका दुपारी मी सरळ दुकानावर गेले. हे नुकतेच घरी येऊन आडवे झाले होते. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. मी सगळ्यांसमोर तोंडाचा पट्टा सोडला. "शेठजी, मित्र म्हणवता आणि माणसाच्या जिवावर उठलात? त्यांचं हृदय कसं आहे ठाऊक नाही तुम्हाला? माझ्या घरचं उकडलेलं खातात ते काय तुमच्या कचोरीसाठी?" शेठजी उभे राहिले. चष्मा काढला, पुसला. "भाभी, मी त्यांना काही दिलं नाही," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "मग पोट कशाने भरतं त्यांचं?" त्यावर त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, चोर सापडला. मी तरातरा घरी आले आणि ह्यांनाही ऐकवलं. हे डोळे मिटून पडून राहिले.

पुढच्या महिन्यात रिपोर्ट आला. एकशे आठ. मी तर नाचलेच. म्हटलं, बघा, शेठजींना दम दिला त्याचा परिणाम! अक्कांकडे पेढे दिले. हे खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. हसले थोडंसं. आता ते हसू आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मुलगी तेवढ्यात सुट्टीला आली. वडलांकडे बघून दारातच थांबली. "आई, बाबांची मान बघितलीस का?" म्हणाली. मी रोज बघते, मला काय दिसणार? पण मग बघितली. कॉलरमधे मान हलत होती, कॉलर कोणाची तरी मागून आणल्यासारखी. "पण वजन तेच आहे," मी म्हटलं आणि कॅलेंडर दाखवलं.  दुसऱ्या दिवशी तिने जळगावच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

आम्ही तिघं एसटीने निघालो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, हे खिडकीला डोकं टेकून. बोलायला गेले तर दम लागत होता, मग मीच बोलत राहिले. मांडीवर पिशवी, पिशवीत सहा वर्षांचे रिपोर्ट तारखेवार लावलेले. घाबरले होते, पण आतून वाटत होतं की डॉक्टर हे कागद बघून मला शाबासकी देतील. हो, शाबासकी. लाज वाटते सांगायला.

डॉक्टर तरुण होते, आवाज हळू. त्यांनी सगळे कागद एका ओळीत मांडले. शेवटच्या कागदावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले.

"जेवण कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"व्यवस्थित," मी म्हटलं. "दुपारचा डबा पूर्ण, रात्री थोडं कमी. तेल अजिबात नाही."

"मी त्यांना विचारलं, काकू."

हे म्हणाले, "माले भूकच नही लागस, डॉक्टरसाहेब. वासनंच मळमळ व्हस."

डॉक्टर उठले, ह्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तर तिथे खड्डा. भरेचना. कणकेत बोट रुतवावं तसा राहिला. मग दंड धरला, आणि दंड त्यांच्या दोन बोटांत मावला.

"पायात पाणी आहे, पोटातही असणार," ते म्हणाले. "वजन कसं तेच आहे ते कळलं ना? मांस जात होतं आणि त्याच्या जागी पाणी येत होतं. काट्याला दोन्ही सारखंच."

 "पण कोलेस्टेरॉल?" मी म्हटलं. "ते तर किती छान उतरलंय."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतकं शांतपणे बोलले की एकेक शब्द अजून कानात आहे. "काकू, कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही. बारीक बारीक कणांत भरून फिरतं, आणि ते कण बरेचसे लिव्हर बनवतं. अटॅकनंतर हा आकडा जास्त होता, तो खाली आणला ते बरोबरच केलंत. पण गेल्या वर्षभरात गोळी तीच, पथ्य तेच, आणि आकडा आपोआप घसरतोय. हृदय कमजोर झालं की लिव्हरला सूज येते, आतड्याला सूज येते, भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही. शरीर खंगायला लागतं आणि ते कणही कमी होत जातात. अशा पेशंटचं कोलेस्टेरॉल फार खाली गेलेलं दिसलं की आम्ही खूश होत नाही. आम्हाला काळजी वाटते."

म्हणजे ज्या कागदावर मी पेढे वाटले, तो कागद ओरडून सांगत होता की तुझा नवरा चाललाय.

"माझ्यामुळे झालं का हे?" मी विचारलं.  मुलीने माझा हात धरला.

"नाही. आजारामुळे झालं. तेल दिलं असतं तर आकडा वाढला असता आणि हृदय सुधारलं असतं, असंही नाही. आकडा फक्त आतलं सांगतो." मग म्हणाले, "पण ह्यांना दोन घास आवडीने जाऊ द्या. मीठ मोजून, पाणी मी सांगेन तेवढं, गोळ्या माझ्या मनाने, तुमच्या नाही. तेलाचे दोन चमचे त्यांना मारणार नाहीत."

"किती दिवस आहेत ह्यांच्याकडे?" हे बाहेर गेल्यावर मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मी दिवस मोजत नाही, काकू. आधी पाणी काढू." 

नऊ दिवस जळगावला दवाखान्यात. शिरेतून औषध, आणि लघवीचं माप. रोज वजन. बासष्ट. साठ. एकोणसाठ. नर्स म्हणायची, "छान उतरतंय, मावशी." मी "हो हो" म्हणायची आणि जिन्यात जाऊन उभी राहायची. सहा वर्षं आकडा उतरला की मी आनंदले, आणि आता रोज सकाळी एकेक किलो उतरताना मला काट्याकडे बघवत नव्हतं. शेवटच्या दिवशी साडेछप्पन्न. पाणी गेलं, आणि माझा नवरा खरंच किती उरलाय ते मला दिसलं. गालाची हाडं, खांद्याची हाडं, घड्याळ कोपरापर्यंत सरकतंय. दम मात्र लागत नव्हता. सपाट उशीवर झोपले, कितीतरी महिन्यांनी.

धुळ्याला परत आलो तर दुसऱ्याच दिवशी शेठजी दारात. मी दार उघडलं आणि मागे सरकले. ज्या माणसाला मी चारचौघांत चोर ठरवलं, तो हातात दोन डाळिंबं घेऊन उभा होता. हे आत झोपले होते. शेठजी ओट्यावरच बसले, त्या काट्याच्या शेजारी.

"भाभी, आता सांगून टाकतो," ते म्हणाले. "त्यांनी मला शपथ घातली होती. डबा ते खात नव्हते. पाच-सहा महिने झाले. दुपारी दुकानावर गाय येते ना, मी तिला रोज पोळी देतो. हे आपला सगळा डबा तिच्यापुढे ठेवायचे. मी म्हटलं, अरे भाऊ, दोन घास तरी खा. तर म्हणायचे, उतरत नाही रे घशाखाली. मी म्हटलं, भाभींना सांग. तर शपथ घातली."

मी भिंतीला टेकले. माझी भाकरी, माझा दुधी, मोजून टाकलेलं मीठ, सगळं गायीला. आणि रिकामा डबा बघून मी सुखाने घासून ठेवत होते. "त्या दिवशी मी तुम्हाला एवढं बोलले," मी म्हटलं, "तेव्हा तरी सांगायचं होतं!"

"शपथ होती ना," शेठजी म्हणाले. "चुकलंच माझं." मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर म्हातारा अक्षरशः उडी मारून ओट्याखाली उतरला.

दुपारी हे उठले. मी पाणी दिलं, मोजून अर्धा पेला, आणि समोर बसले. ठरवलं होतं की रागवायचं नाही. पण रागावलेच. "गाईला घातलात डबा! मला का नाही सांगितलं? मी कोण आहे तुमची? वैरीण आहे?"

ह्यांनी पेला खाली ठेवला. "तू रिपोर्ट हातमा धरीसन नाचत व्हतीस," म्हणाले. "सहा वरीसमा तुले इतकी खूश पाहेल नव्हती. माले कळत व्हतं मी चालनू म्हणून. तुले कसं सांगू? म्हटलं, ऱ्हाऊ दे तिन्हा आनंद."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. गॅसच्या ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिले. भांडी आपटावीशी वाटली, रडावंसं वाटलं, आणि शेवटी काय केलं, तर अक्कांकडे जाऊन शेंगदाण्याचं तेल मागून आणलं.

संध्याकाळी खिचडी केली. मऊ, मीठ चिमूटभर. ताटात वाढली, बोटाने आळं केलं आणि चमच्याने तेल घातलं. एक. हे बघत राहिले. मग वाकले आणि वास घेतला. "हाई कोठलं तेल? जुना दाणा शे," म्हणाले. सहा वर्षांनी तेल बघितलं आणि आधी खोड काढली! मी हसले, डोळ्यांत पाणी. पाच घास खाल्ले त्यांनी. मी मोजले. सहावा तोंडाशी नेताना माझ्याकडे बघितलं, आणि मी घाबरले. भूक आहे म्हणून खातायत की मी बघतेय म्हणून? ज्या माणसाने माझ्या आनंदासाठी सहा महिने उपाशी राहून दाखवलं, तो माझ्यासाठी जेवूनही दाखवेल. आता ह्यांच्या तोंडाकडे बघून मला काहीच खरं वाटत नव्हतं. रिपोर्टवर विश्वास नाही, काट्यावर नाही, ह्यांच्या हसण्यावर तर मुळीच नाही.

तीन आठवड्यांनी हे म्हणाले, दुकानावर जातो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. मी खिचडीचा डबा भरला, तेलाची छोटी बाटली वेगळी दिली, दोन चमच्यांची. हे गल्लीच्या वळणावर गेले आणि मी शेठजींना फोन लावला. "शेठजी, त्यांची शपथ सुटली. आता माझी शपथ. गाय काय खाते ते मला रोज सांगायचं. खोटं बोलाल तर बघा."

पहिल्या दिवशी फोन आला, "भाभी, अर्धा डबा गायीला." दुसऱ्या दिवशी, "अर्ध्याहून थोडा कमी." मग दोन दिवस हे गेलेच नाहीत, पायावर परत सूज आली होती, डॉक्टरांनी फोनवर गोळी वाढवली. ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दर तासाला नडगीवर अंगठा दाबून बघायची. हे वैतागले, म्हणाले, "पाय शे का कणिक शे?"

परवा पुन्हा गेले. एक वाजला, फोन नाही. सव्वा झाला. मी करायला घेतला आणि ठेवला, परत घेतला, परत ठेवला. दीडला घंटी वाजली.

"भाभी," शेठजी म्हणाले, आणि मागे हातगाड्यांचा आवाज इतका की नीट ऐकू येईना. "काय? काय झालं?" मी ओरडले.

"काही नाही. गाय कधीची उभी आहे. आज तिला फक्त माझी पोळी मिळाली. हे डब्याला बोट लावून पुसतायत, आणि मला विचारतायत, तुझ्या दुकानात चांगलं तेल आहे का."

मी फोन तसाच कानाला धरून ओट्यावरच्या काट्यावर बसले आणि मोठ्याने रडले. अक्का धावत आल्या, त्यांना वाटलं हे गेले.